ताठ बसा, पण बसून राहू नका

‘पोक काढून बसू नकोस, ताठ बस!’ अभ्यासाला किंवा जेवायला बसलेल्या पोरांना हे कधीच ऐकवलं गेलं नाही, असं मराठी घर विरळाच. मोबाइल आल्यापासून त्यात ‘मान वर कर’ची भर पडली. ताठ बसण्याचा हा आग्रह शास्त्राच्या कसोटीवर कितपत उतरतो? पाठीचं उत्तर वेगळं येतं आणि मनाचं वेगळं.

चकतीला हवी हालचाल

आधी पाठ पाहू. दोन मणक्यांच्या मधे असलेल्या चकतीला मोठेपणी स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. लगतच्या हाडांतून झिरपत येईल तेवढ्या पोषणावर तिचं भागतं. स्पंज दाबला की पाणी सुटतं आणि सोडला की ते परत शोषलं जातं, तसं चकतीचं असतं. दिवसभराच्या भाराने तिच्यातलं पाणी कमी होतं आणि रात्री आडवं झाल्यावर भरून निघतं. म्हणूनच सकाळी उठल्यावर आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर जास्त भरते.

स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी 1960च्या दशकात जिवंत माणसांच्या चकतीत सुई घालून दाब मोजला. उभं राहण्यापेक्षा बसल्यावर तो जास्त असतो, असं त्यांना आढळलं आणि पुढची कित्येक वर्षं पाठीच्या सल्ल्यांचा पाया तोच राहिला. 1999 मध्ये जर्मनीतल्या उल्म इथे हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या चकतीत सूक्ष्म दाबमापक बसवून हीच मोजणी नव्याने केली. निकाल बुचकळ्यात टाकणारा होता. पाठ मुद्दाम ताणून ताठ बसलं की दाब वाढत होता, तर खुर्चीला रेलून सैल बसल्यावर तो उभं राहण्यापेक्षाही कमी भरत होता. हा प्रयोग एकाच माणसावरचा होता, त्यामुळे त्यावरून सरसकट नियम काढता येत नाही. तरीही संशोधकांनी काढलेला एक निष्कर्ष पुढेही टिकला: चकतीतलं पाणी खेळतं राहायचं असेल तर बसण्याची ढब बदलत राहायला हवी.

पश्चिम ऑस्ट्रेलियात सतरा वर्षांच्या हजाराहून अधिक मुलामुलींच्या मानेची ठेवण तपासून 2016 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मान पुढे काढून बसणाऱ्यांची मान ताठ बसणाऱ्यांपेक्षा जास्त दुखते, असं काही त्यात दिसलं नाही. मात्र खांदे पाडून, मान पुढे काढून बसणाऱ्यांमध्ये नैराश्याची लक्षणं अधिक होती. वाकल्यामुळे मन खचलं की खचलेल्या मनाने पाठ वाकली, हे अशा पाहणीवरून ठरवता येत नाही.

कणा आणि मन

ते ठरवायला प्रयोग लागतो. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात 74 जणांची पाठ चिकटपट्टीने ताठ किंवा वाकलेल्या स्थितीत ठेवून त्यांना ताण येईल असं भाषण करायला लावलं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ताठ बसलेल्यांनी आपली मनःस्थिती आणि आत्मविश्वास अधिक चांगला असल्याचं सांगितलं. म्हणजे बसण्याचा मनावर थोडाफार परिणाम होतो.

पण तो ‘थोडाफार’च असतो, हे विसरलं की काय होतं याचा नमुनाही आहे. दोन मिनिटं रुबाबदार ढबीत राहिलं की शरीरातली संप्रेरकंसुद्धा बदलतात, असा दावा 2010 मध्ये अमेरिकेत 42 जणांवरच्या एका प्रयोगातून झाला आणि तो जगभर गाजला. 2015 मध्ये दुसऱ्या गटाने 200 जणांवर तोच प्रयोग केला, तेव्हा संप्रेरकांत काहीच फरक आढळला नाही. पुढच्याच वर्षी मूळ शोधनिबंधाच्या प्रमुख लेखिका डॅना कार्नी यांनी या परिणामावर आपला विश्वास उरलेला नाही, असं जाहीर केलं.

गप्पांची ताकद

मन आणि शरीर सांभाळायचं तर बसण्याच्या ढबीपेक्षा माणसांच्या सोबतीचा पुरावा कितीतरी भक्कम आहे. पिट्सबर्गच्या शेल्डन कोहेन यांनी 276 निरोगी लोकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडले. 1997 मध्ये त्यांनी निकाल मांडला: घर, मित्र, शेजार, कामाची जागा, मंडळ अशी सहा किंवा अधिक प्रकारची नाती जपणाऱ्यांच्या तुलनेत तीन किंवा त्याहून कमी प्रकारची नाती असणाऱ्यांना सर्दी होण्याचा धोका चौपट होता. 2010 मध्ये ज्युलियन होल्ट-लुनस्टाड यांनी तीन लाखांहून अधिक लोकांवरचे 148 अभ्यास एकत्र तपासले. नाती घट्ट असलेल्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता 50 टक्क्यांनी जास्त निघाली.

मग आपण बोलत का नाही? शिकागोच्या लोकलमध्ये निकोलस एपली आणि जुलियाना श्रोडर यांनी काही प्रवाशांना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं, तर काहींना गप्प बसायला. ‘कोणाशी न बोलता गेलेलाच प्रवास बरा वाटेल’, असा बहुतेकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात बोलणाऱ्यांचा प्रवास अधिक सुखाचा झाला. मुंबईच्या लोकलमधल्या ठरलेल्या ग्रुपना, डब्यातल्या भजनी मंडळांना आणि बायकांच्या डब्यातल्या हळदीकुंकवाला हे वेगळं सांगायला नको.

गोव्यात जे घडलं

हालचाल आणि बोलणं यांचा मेळ घालणारा एक मोठा प्रयोग आपल्या शेजारीच झाला. गोव्यातल्या ‘संगाथ’ या संस्थेने विक्रम पटेल यांच्या मार्गदर्शनाखाली स्थानिक, डॉक्टर नसलेल्या लोकांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं. उदास माणूस हळूहळू फिरणं, भेटणं, छंद असं एकेक सोडत जातो. हे समुपदेशक सरकारी आरोग्य केंद्रांत रुग्णाशी सहा ते आठ वेळा निवांत बोलून त्याला त्यातल्या छोट्या छोट्या गोष्टी पुन्हा सुरू करायला लावत. तीव्र नैराश्याच्या सुमारे 500 रुग्णांवरचे निकाल 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या रुग्णांपैकी 64 टक्के नैराश्यातून बाहेर पडले होते. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण 39 टक्के होतं.

तेव्हा महागड्या खुर्चीच्या मागे लागण्याआधी एक करा. पलीकडच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मेसेज टाकण्याऐवजी उठून त्याच्यापाशी जा. फोनवर बोलायचं असेल तर फेऱ्या मारत बोला. संध्याकाळी सोसायटीच्या कट्ट्यावर डोकावा. उदासी मात्र आठवडे उलटले तरी हटत नसेल तर गप्पांवर भिस्त ठेवू नका, डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक त्यासाठी विनामूल्य आहे.