हिवरे बाजारचा डोंगर आणि त्याचे समुद्रापारचे भाऊबंद

हिवरे बाजारचा डोंगर चढायला गिर्यारोहक असावं लागत नाही. अहिल्यानगर शहरापासून सुमारे १७ किलोमीटरवरचं हे गाव. सहलीला आलेली मित्रमंडळी गप्पा मारत वर जातात, खालची हिरवी शिवारं बघतात आणि उतरतात. समुद्रापारचे या डोंगराचे भाऊबंद मात्र चढणाऱ्याचा चांगलाच घाम काढतात.

मादागास्करच्या पूर्वेला, इथून सुमारे ५ हजार किलोमीटरवर, रियुनियन हे फ्रेंच बेट आहे. तिथला ‘पितों दे नेज’ हा निद्रिस्त ज्वालामुखी ३,०७० मीटर उंच आहे. सिलाओस गावाकडून निघालं तर जवळपास १,७०० मीटर उभी चढण पडते. आपल्या कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची अख्खी उंचीच १,६४६ मीटर! बरेचजण म्हणूनच वाटेतल्या निवाऱ्यात मुक्काम करतात आणि पहाटेच्या अंधारात, डोक्याला दिवे बांधून, सूर्योदयासाठी शिखर गाठतात.

हिवरे बाजारचा डोंगर आणि पितों दे नेज यांचं नातं जुळतं ते जमिनीच्या पोटात. पृथ्वीच्या खोल भागातून तप्त खडक वर ढकलणारी काही ठिकाणं आहेत. त्यांतलंच एक ठिकाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपल्या भूभागाखाली होतं आणि हिवरे बाजारचा डोंगर ज्या दख्खनच्या लाव्ह्याचा बनला आहे तो तिथूनच आला, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे. भारत उत्तरेकडे सरकत गेला, उष्णतेचा झरा मागे राहिला. मग त्याच्यावरून सरकणाऱ्या सागरतळावर मालदीवचा पाया, पुढे मॉरिशस आणि शेवटी रियुनियन घडलं. मॉरिशसमध्ये तर पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबं नांदताहेत. त्यांच्या पायाखालचा काळा पाषाणही आपल्या सह्याद्रीच्या नात्यातला निघावा, हा योगायोग गमतीचाच.

खडक सारखा, पाऊस मात्र अजिबात सारखा नाही. जानेवारी १९६६ मध्ये एका चक्रीवादळात रियुनियनच्या फॉक-फॉक या ठिकाणी २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला. तो जागतिक विक्रम आहे. हिवरे बाजारला वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटर पडतो. म्हणजे इथला साडेचार वर्षांचा पाऊस तिथे एका दिवसात! पण त्याच बेटाचा पश्चिम किनारा कोरडा आहे. वारे पूर्वेकडून येतात, डोंगराला धडकून तिथेच रिते होतात. पूर्वेचं पाणी पश्चिमेला नेण्यासाठी बेटवासीयांना डोंगराच्या पोटातून बोगदे खणावे लागले.

अहिल्यानगर जिल्ह्याचीही हीच कथा, फक्त दिशा उलटी. अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीला पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात. सह्याद्री ओलांडून हिवरे बाजारपर्यंत येईतो ढगांत फारसं उरत नाही. हिवरे बाजारने बोगदे खणले नाहीत. आहे तेच पाणी उतारावर अडवलं.

१९७२ च्या दुष्काळानंतरच्या वर्षांत इथले डोंगर बोडके झाले होते. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढे श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी यांच्या जोडीने माथा ते पायथा जलसंधारणाची कामं झाली. डोंगरउतारांवर सुमारे ४० हजार समतल चर खोदले गेले. समान उंचीच्या रेषेवर खोदलेला हा चर दिसायला साधा खड्डा, पण त्यामागचं भौतिकशास्त्र पक्कं आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला, की ते ढकलू शकेल अशा दगडाचं वजन ढोबळमानाने ६४ पट होतं. वेग निम्मा केला, की हाच हिशोब उलटा फिरतो आणि माती जागेवर राहते. चर उताराची लांबीच तोडतो; पाण्याला वेग घ्यायला वाव उरत नाही.

थांबलेलं पाणी जातं कुठे? दख्खनचा खडक म्हणजे भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक थर. कठीण काळ्या पाषाणात भेगा असतील तरच पाणी शिरतं. वरचा मुरूम आणि सच्छिद्र मांजऱ्या खडक ते धरून ठेवतात. पण किती? असा खडक त्याच्या आकारमानाच्या साधारण २ टक्केच पाणी विहिरीला देऊ शकतो. म्हणून ४० मिलिमीटर पाणी मुरलं, तर विहिरींची पातळी २ मीटर वर येते. तेवढंच उपसलं, की ती तितक्याच झपाट्याने खाली जाते. चर खोदून बक्षिसं मिळवलेली अनेक गावं पुन्हा टँकरवर का आली, याचं एक मोठं उत्तर या २ टक्क्यांत आहे.

हिवरे बाजारचं खरं शहाणपण म्हणूनच डोंगरावर नाही, ग्रामसभेत आहे. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. गावाचं क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर, म्हणजे ४०० मिलिमीटरच्या वर्षी ३९० कोटी लिटर पडतं. त्यातलं बरंचसं वाफ होऊन जातं. उरलेल्याचा ताळेबंद मांडून गाव पिकं ठरवतं: पिण्याचं पाणी आधी, शेती नंतर. ऊस आणि केळीला मनाई, शेतीसाठी बोअरवेल नाही. पाऊस कमी झाला, की पेराही कमी. चर खोदण्यापेक्षा हे कितीतरी अवघड काम आहे.

मित्रांबरोबर हा डोंगर चढायचाच असेल, तर पावसाळ्याच्या शेवटी जावं; चरांत साचलेलं पाणी आणि खालच्या विहिरी एकाच फेरीत बघता येतात. फक्त चरांच्या काठांवरून चालू नये. तुडवलेला भराव पुढच्या जोराच्या पावसात फुटतो.