खून २८ जूनला, युद्ध २८ जुलैला: मधल्या महिन्यात काय घडलं?

पहिलं महायुद्ध का झालं? 'साराजेव्होत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या गादीचा वारस आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड याचा खून झाला म्हणून' हे उत्तर परीक्षेत चालून जातं. पण खून २८ जून १९१४ चा आणि ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं २८ जुलैला. खरी गंमत या मधल्या महिन्यात आहे.

५ जुलैला जर्मनीने ऑस्ट्रियाला पूर्ण पाठिंबा दिला. २३ जुलैला सर्बियाला ४८ तासांचा निर्वाणीचा खलिता गेला. सर्बियाने बहुतेक अटी मान्य केल्या. ते उत्तर जर्मनीचा सम्राट कैसर विल्हेल्म याने २८ जुलैच्या सकाळी वाचलं आणि शेरा मारला की आता युद्धाला कारणच उरलं नाही! त्याच दिवशी युद्ध जाहीर झालं. दुसऱ्या दिवशी रशियाच्या झारने सगळं सैन्य सज्ज करायचा हुकूम दिला, रात्री कैसरची तार आल्यावर तो थांबवला आणि ३० तारखेला पुन्हा दिला.

करारांचं जाळं, शस्त्रस्पर्धा, राष्ट्रवाद ही कारणं खरीच. पण ती १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांच्या वेळीही होती आणि तेव्हा युरोपभर भडका उडाला नाही. म्हणून 'तेव्हा का नाही, आताच का?' हा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

दोष कुणाचा? इतिहासकार फ्रिट्झ फिशर यांनी १९६१ मध्ये जर्मनीच्या महत्त्वाकांक्षेवर बोट ठेवलं, तर इतिहासकार क्रिस्टोफर क्लार्क यांनी २०१२ मध्ये सगळ्याच राजधान्यांना वाटेकरी केलं. १९१९ च्या व्हर्साय तहाचं कलम २३१ जर्मनी आणि तिच्या मित्रांना जबाबदार धरतं. ते वाचताना एवढं ध्यानात ठेवा: ते जेत्यांनी लिहिलंय आणि त्याच्या पुढचीच कलमं नुकसानभरपाईची आहेत.