परसातील कमळाचे टाके : बांधणी आणि निगा

घरच्या परसात पाण्याचे एखादे लहानसे टाके असावे, त्यात कमळे फुलावी, उन्हाळ्यात पाखरांनी पाण्यास यावे, ही हौस पुष्कळ शेतकरी घरांत असते. परंतु दोन शंकांमुळे ती मनातल्या मनात राहते. पहिली शंका डासांची व दुसरी पाण्याच्या नासाडीची. या दोन्ही शंका निराधार आहेत असे आम्ही म्हणणार नाही. महसूल खात्यातील कारकुनीतून निवृत्त झाल्यावर सोलापूर जिल्ह्यातील आमच्या गावी आम्ही असे टाके केले, पहिल्या खेपेस ते बिघडविले, आणि पुढे एकदा ते बुजविण्याच्या बेतासही आलो होतो. त्या अनुभवावरून जे शिकलो ते येथे शेतकरी बंधूंपुढे ठेवीत आहो. ज्या पाण्यावर घरच्या माणसाची रोज नजर असते ते पाणी सहसा पीडा देत नाही. पीडा होते ती विसरलेल्या पाण्यापासून, हे या लेखाचे सार होय.

जागा व आकार

कमळास दिवसातून निदान सहा तास स्वच्छ ऊन लागते. यास्तव टाके लिंबाच्या किंवा चिंचेच्या झाडाखाली कधीही करू नये. सावलीत फूल येत नाही, आणि गळलेला पाला पाण्यात कुजून घाण सुटते ती वेगळीच. घराच्या भिंतीपासून टाके आठदहा फूट तरी दूर असावे, म्हणजे पायात ओल मुरत नाही. उकिरडा किंवा गोठा टाक्याच्या चढाच्या बाजूस नसावा. पावसात तेथील पाणी वाहून आत आल्यास सर्व श्रम व्यर्थ जातात.

आकार आपापल्या ऐपतीप्रमाणे व पाण्याप्रमाणे ठरवावा. आमचे टाके १० फूट लांब, ६ फूट रुंद व मध्यभागी २ फूट खोल आहे. एका बाजूस ९ इंच खोलीची पायरी ठेविली आहे. तीवर वेखंडासारख्या काठच्या वनस्पतींच्या कुंड्या राहतात. यात पाण्याची सरासरी खोली दीड फूट धरल्यास ९० घनफूट, म्हणजे सुमारे २,५५० लिटर पाणी मावते. दोन फुटांहून अधिक खोलीची गरज नाही.

येथेच एक गोष्ट बजावून सांगावीशी वाटते. दोन फूट पाण्यातही लहान मूल बुडते. त्यास एक फूटसुद्धा पुरे होते. घरात रांगते किंवा दुडदुडते मूल असल्यास टाक्याभोवती चार फूट उंचीचे जाळीचे कुंपण व वरच्या बाजूस कडी असलेले दार केल्यावाचून पाणी भरू नये. हा खर्च टाक्याच्या खर्चातच धरावा. तो परवडत नसेल तर मूल मोठे होईतो हौस आवरावी.

खोदाई व अस्तर

आमची पहिली चूक येथे झाली. परसातील जमीन काळी. आम्ही खड्डा खणला, गवंड्याकडून विटांचे बांधकाम करवून सिमेंटचा गिलावा दिला, आणि श्रावणात पाणी भरून मोकळे झालो. पुढच्या वैशाखात बाजूच्या भेगाळलेल्या मातीबरोबर टाक्यासही तडे गेले व एका रात्रीत ते रिकामे झाले. काळी माती ओली झाली की फुगते व वाळली की आकसते, हे नांगर धरणाऱ्यास सांगावयास नको; परंतु ती घराच्या व टाक्याच्या बांधकामासही तसेच ओढते याचा आम्हास विसर पडला होता. काळ्या जमिनीत पक्के बांधकाम करावयाचे असल्यास खड्डा सर्व बाजूंनी फूटभर अधिक खणावा, ती जागा मुरमाने भरून चांगली चोपावी व मगच बांधकाम करावे.

दुसऱ्या खेपेस आम्ही बांधकामाच्या वाटेस गेलोच नाही. शेततळ्यास वापरतात तो ५०० मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा कागद आता खेड्यापाड्यांतून माहीत झाला आहे. तोच आम्ही वापरला. खड्ड्यातील दगड, मुळ्या व काचा वेचून टाकाव्या, तळाशी दोन इंच बारीक वाळूचा थर द्यावा, त्यावर जुनी पोती अंथरावी व मग कागद पसरावा. कागद किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. लांबीत दुप्पट खोली मिळवावी, आणि दोन्ही काठांवर दाबण्यासाठी दीड-दीड फूट अधिक धरावा. आमच्या टाक्यास १७ फूट लांब व १३ फूट रुंद असा कागद लागला. काठावर तो मातीत पुरून वर फरश्या अशा बसवाव्या की कागद उन्हात उघडा राहणार नाही. उघड्या कागदास ऊन लवकर खाते.

ज्यांनी सिमेंटचे टाके केले असेल त्यांनी एक दक्षता घ्यावी. नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो व त्याने मासे मरतात. टाके भरून आठवडाभर ठेवावे, काठ घासून रिकामे करावे, आणि असे तीनचार वेळा केल्यावरच मासे सोडावे. नळाचे पाणी औषध घातलेले असते. ते दोन दिवस उघड्यावर राहू दिल्यावाचून त्यात मासे सोडू नये.

कमळ व कुमुद

बाजारात दोन्हींस कमळ म्हणूनच विकतात, परंतु या दोन निरनिराळ्या वनस्पती आहेत. कमळाचे पान अखंड वाटोळे असून देठ त्याच्या मध्यभागी खालून जोडलेला असतो. जून झालेल्या झाडाची पाने पाण्याच्या वर छत्रीसारखी उभी राहतात व त्यांवर पाणी ठरत नाही. कुमुदाच्या पानास देठापर्यंत चीर असते व ते पाण्यावर तरंगते. ज्यास आपण निळे कमळ म्हणतो ते वस्तुतः कुमुदाच्याच जातीचे आहे. लहान टाक्यास कुमुद अधिक सोयीचे. कमळ भराभर पसरते.

कमळाचा कंद फाल्गुन-चैत्रात लावावा. तळास भोक नसलेला, दोन फूट रुंदीचा टब घ्यावा व त्यात अर्ध्याहून थोडी अधिक चिकण माती भरावी. ताजे शेणखत मुळीच घालू नये. ते पाण्याखाली सडते व कंदही सडवते. कंद आडवा ठेवून त्याचा कोंब तेवढा उघडा राखावा. कोंब अतिशय नाजूक असतो. तो मोडल्यास त्या डोळ्याची वाढ खुंटते. आरंभी मातीवर चार बोटे पाणी असावे व पाने वाढतील तसे ते चढवीत जावे. पाने पाण्याबाहेर उभी राहिल्यावर चांगल्या कुजलेल्या खताचे लिंबाएवढे दोनतीन गोळे मातीत खोल खुपसावे; वर टाकू नयेत.

बियांपासूनही रोप होते. मात्र कमळाच्या बीचे कवच इतके कठीण व घट्ट असते की पाणी आत शिरत नाही. चीनच्या ईशान्य भागातील एका जुन्या, कोरड्या तळ्याच्या गाळात मिळालेले सुमारे १,३०० वर्षांपूर्वीचे बी शास्त्रज्ञांनी उगवून दाखविले, व ती हकीकत १९९५ साली प्रसिद्ध झाली. आपणास इतकी वाट पाहण्याचे कारण नाही. बीचे एक टोक कानशीने घासून आतील पांढुरका भाग किंचित दिसू लागला की ते कोमट पाण्यात ठेवावे व पाणी रोज बदलावे. दोन दिवसांत बी फुगते आणि आठवड्याच्या आत कोंब दिसतो.

हिरवे पाणी

नवे टाके भरल्यावर दहापंधरा दिवसांत पाणी हिरवे होते. अशा वेळी बहुतेक लोक घाबरून सर्व पाणी उपसतात व नवे भरतात, आणि पुन्हा तोच प्रकार होतो. पाण्यातील खाद्य व ऊन ही शेवाळाची दोन भांडवले होत. पानांनी पाण्याचा निम्मा ते दोनतृतीयांश भाग झाकला गेला की ऊन तुटते व झाडांची मुळे खाद्य ओढून घेतात. मग पाणी आपोआप निवळते. धीर धरणे हेच येथे औषध. तंतुमय शेवाळ मात्र काठीस गुंडाळून काढावे व खताच्या खड्ड्यात टाकावे.

डासांचा प्रश्न

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. १८९७ साली सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात दाखवून दिला, तेव्हापासून साचलेल्या पाण्याविषयी लोक सावध झाले, हे योग्यच आहे. आपल्या हवेत अंड्यापासून डास होण्यास सुमारे आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून टाके भरताच त्यात गप्पी मासे सोडावे. हे मासे पुष्कळ ठिकाणी प्राथमिक आरोग्य केंद्रांतून मिळतात. आमच्या आकाराच्या टाक्यास तीसचाळीस पुरतात. पुढे त्यांची वाढ आपोआप होते. त्यांस पीठ, मुरमुरे असे काही घालू नये. पोट भरलेला मासा अळ्या शोधीत नाही. काठाची झाडी इतकी दाट होऊ देऊ नये की माशास आत शिरता येणार नाही.

इतके करूनही टाक्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात आमच्या नातवास ताप आला. तपासणीत डेंग्यू निघाला. मुलास तालुक्यास नेऊन ठेवावे लागले. घरात कोणी स्पष्ट बोलले नाही, परंतु सर्वांच्या नजरा टाक्याकडे होत्या, आणि आम्हासही दुसरे काही सुचेना. कुदळ व घमेले आम्ही बाहेर काढून ठेविले होते. त्याच दिवशी आरोग्य सेविका भेटीस आल्या. त्यांनी पळीने टाक्याच्या चारही कडांचे पाणी काढून पांढऱ्या ताटलीत पाहिले. एकही अळी निघाली नाही. मग त्या म्हणाल्या, “काका, आता बाकीचे पाणी दाखवा.” आमच्या घरी आणखी पाणी कोठे आहे, हे आम्हास सांगता आले नाही. ते त्यांनीच दाखविले. न्हाणीमागील तडकलेला रांजण, कुंडीखालची ताटली, गोठ्याच्या पत्र्यावर दाबासाठी ठेविलेला जुना टायर आणि फ्रिजच्या मागचे लहानसे भांडे, अशा चार ठिकाणी अळ्या वळवळत होत्या.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो व घरातील भांड्याकुंड्यांतील थोड्याशा स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. ही अंडी भांड्याच्या आतील बाजूस चिकटतात, पाणी आटल्यावरही महिनोगणती टिकतात, आणि पुन्हा पाणी मिळताच फुटतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही. आतील बाजू घासली पाहिजे. मुलगा सुदैवाने बरा झाला. आम्ही सारी नोकरी लोकांच्या जमिनींच्या नोंदी राखण्यात घालविली, परंतु स्वतःच्या परसातील पाण्याची नोंद आमच्यापाशी नव्हती. ती आता एका वहीत आहे. रांजण, हौद, कुंड्या, जनावरांचे पाणी, टाके, असे प्रत्येक पाणी तीत मांडले असून दर रविवारी एकेकावर खूण होते. ज्यास मासे सोडता येत नाहीत ते भांडे त्या दिवशी रिकामे करून, घासून वाळवितो.

पाण्याचा हिशेब

कोरड्या मुलखात पाणी फुलांसाठी खर्चावे काय, हा प्रश्न १९७२ च्या दुष्काळाच्या कथा ऐकत वाढलेल्या कोणासही पडेल. आमच्या टाक्याचे पृष्ठ ६० चौरस फूट आहे. भर उन्हाळ्यात दिवसास सुमारे एक सेंटिमीटर पाणी उडते असे धरल्यास रोज ५६ लिटर, म्हणजे चार घागरी लागतात. पानांची दाटी असल्यास काहीसे कमी. पावसाळ्यात पागोळीचे पाणी एका पन्हळीने टाक्यात घेतो, व भरून वाहणारे पाणी केळीच्या आळ्यात जाते. टाक्याचा गाळ वर्षातून एकदा काढतो. तो आणि त्याबरोबरचे पाणी भाजीस उत्तम लागू पडते. ज्या वर्षी गावास टँकर येईल त्या वर्षी टाके भरू नये. कमळाचा टब तेवढा ओला ठेवावा व मासे हौदात हलवावे. कंद ओल्या चिखलात जीव धरून राहतो.

शेवटी तीन गोष्टी वर्ज्य समजाव्या. जलपर्णी कितीही सुंदर दिसली तरी आणू नये. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या वनस्पतीने मुळा-मुठा व पंचगंगा या नद्यांची काय दशा केली आहे ती सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. गप्पी मासेही परदेशीच आहेत. ते ओढ्यात किंवा नदीत सोडू नयेत, त्यांच्यापुढे आपले लहान मासे टिकत नाहीत. आणि फवारणीचा पंप टाक्याजवळ कधीही धुऊ नये. थोड्याशा औषधाने सर्व मासे मरतात, व पुढच्या आठवड्यात त्याच पाण्यात डास होतात.

टाके करण्यास आठ दिवस पुरतात. राखण्यास रोजची पाच मिनिटे आणि रविवारचा अर्धा तास लागतो. ज्यास हा वेळ नियमाने देणे शक्य असेल त्याने ते अवश्य करावे. ज्यास शक्य नसेल त्याने टाके न केले तरी चालेल, परंतु येत्या रविवारी आपल्या परसातील रांजण एकदा वाकून पाहावा, एवढी आमची विनंती आहे.