मोठ्या रायफलीत छोटे काडतूस

ली-एनफील्ड ही ब्रिटिश लष्कराची रायफल ०.३०३ इंची काडतुसे झाडी. रोजच्या सरावाला ती महाग पडत. म्हणून पहिल्या महायुद्धाआधीच काही रायफली ०.२२ इंची स्वस्त काडतुसांसाठी बदलण्यात आल्या. वजन, पकड, नेम तोच. खर्च मात्र कमी. नळी अरुंद करावी लागली हे उघड आहे. पण आघात करणारी पिनही का बदलली?

मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध स्फोटकाची टोपी असते. पिन तिच्यावर आदळली की ठिणगी उडून दारू पेटते. छोट्या काडतुसात वेगळी टोपी नसते. स्फोटक बुडाच्या पोकळ कडेत असते. म्हणून पिन कडेवरच आदळावी लागते. टोपी वाचल्याने काडतूस स्वस्त होते. मात्र कड चेपण्यासाठी पत्रा पातळ हवा, आणि पातळ पत्रा फार दाब सोसत नाही.

आता गतिज ऊर्जा काढून पाहा. मोठी गोळी सुमारे ११.३ ग्रॅम, वेग सेकंदाला ७४० मीटर, छोटी २.६ ग्रॅम, वेग ३३० मीटर. उत्तरे सुमारे ३,१०० आणि १४० ज्यूल येतील. फरक बावीस पटींचा! तरीही १४० ज्यूल जीव घ्यायला पुरेसे आहेत. म्हणून सरावाची रायफलही कधी कोणावर रोखायची नसते.