ठोक्यांवरून कॅलरी : हिशेब कुठे जुळतो, कुठे चुकतो

हृदयगती मोजणारे यंत्र कॅलरी मोजत नाही. ते फक्त ठोके मोजते. त्या ठोक्यांना वय, वजन आणि लिंग यांची जोड देऊन खर्च झालेल्या कॅलरींचा अंदाज गणिताने काढला जातो. हा अंदाज कामाचा आहे, पण काही अटींवरच.

त्यामागचे शरीरशास्त्र पक्के आहे. स्नायूंना काम करण्यासाठी ऑक्सिजन लागतो आणि एक लिटर ऑक्सिजन वापरला की साधारण 5 किलोकॅलरी ऊर्जा मोकळी होते. रोजच्या बोलण्यातली ‘कॅलरी’ म्हणजे ही किलोकॅलरीच. प्रयोगशाळेत तोंडावर मास्क बसवून श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजतात. खर्चाचा खरा आकडा तिथे मिळतो. मैदानावर मास्क लावून धावणे शक्य नसते, म्हणून ठोक्यांचा आधार घ्यावा लागतो. ऑक्सिजन रक्तातून जातो आणि रक्त हृदय ढकलते. मध्यम ते जोरदार व्यायामात ठोके आणि ऑक्सिजनचा वापर जवळपास सरळ रेषेत वाढतात. यंत्राचा सारा भरवसा या रेषेवर आहे.

दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी 2005 मध्ये नियमित व्यायाम करणाऱ्यांच्या चाचण्यांवरून मांडलेले सूत्र आजही बरेच वापरले जाते. वय 40, वजन 70 किलो असलेला पुरुष मिनिटाला 130 ठोक्यांच्या गतीने अर्धा तास धावला, तर या सूत्रानुसार सुमारे 350 कॅलरी खर्च होतात. ठोके 140 झाले की आकडा 396 वर जातो. म्हणजे दहा ठोक्यांच्या चुकीने सुमारे पंचेचाळीस कॅलरींचा फरक पडतो. हाच माणूस 70 ठोक्यांवर नुसता बसून असला, तर सूत्र मिनिटाला 2.6 कॅलरी दाखवते. प्रत्यक्षात त्याचा खर्च 1.2 च्या आसपास असतो. विश्रांतीच्या वेळी ती सरळ रेषा लागूच पडत नाही. त्यामुळे असे सूत्र दिवसभराच्या खर्चासाठी वापरणे सपशेल चुकीचे आहे.

ठोके कसे मोजले जातात, यावरही बरेच अवलंबून असते. छातीवरचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत टिपतो. फिनलंडच्या पोलर कंपनीने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला असा बिनतारी पट्टा खेळाडूंच्या हाती दिला. पट्ट्याची आतली बाजू पाण्याने ओली करून तो घट्ट बांधला, की मोजमाप भरवशाचे होते. मनगटावरचे घड्याळ मात्र त्वचेत हिरवा प्रकाश सोडते आणि परतणाऱ्या प्रकाशातल्या चढउतारांवरून नाडी ओळखते. घड्याळ सैल असेल, मनगटावर गोंदण असेल, थंडीने हात गारठले असतील किंवा मूठ आवळून वजन उचलले जात असेल, तर वाचन बिघडते. घड्याळ मनगटाच्या हाडाच्या थोडे वर, घट्ट बसवणे हा यावरचा साधा उपाय.

तरीही ठोके अचूक मिळाले म्हणजे कॅलरी अचूक मिळाल्या असे होत नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने 2017 मध्ये मनगटावरच्या सात यंत्रांची चाचणी 60 स्वयंसेवकांवर घेतली. सातपैकी सहा यंत्रांची ठोक्यांमधली चूक पाच टक्क्यांच्या आत होती. कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगले यंत्रही सरासरी 27 टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट 93 टक्क्यांनी.

कारण ठोके केवळ स्नायूंच्या कामामुळे वाढत नाहीत. कोकण किनाऱ्यावर मे महिन्याच्या दमट हवेत त्याच वेगाने, तेवढेच धावले तरी शरीर थंड ठेवण्यासाठी हृदयाला जादा काम पडते. घामाने पाणी कमी झाले की ठोके आणखी चढतात. ऑक्सिजनचा वापर त्या प्रमाणात वाढत नाही, पण यंत्र जादा कॅलरी लिहून मोकळे होते. मानसिक ताण, ताप, अपुरी झोप यांचाही असाच परिणाम होतो. वजने उचलताना रक्तदाब आणि ठोके झपाट्याने वाढतात, ऑक्सिजनचा वापर मात्र तेवढा नसतो; त्यामुळे जिममधल्या वजनांच्या व्यायामाचा आकडा फुगलेलाच धरावा. उलट, रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली औषधे घेणाऱ्यांचे ठोके दबलेले राहतात आणि यंत्र खर्च कमी दाखवते. अशांनी व्यायामाचा जोर किती असावा, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

यंत्र कामी येते ते सलग, एका लयीच्या व्यायामात : भरभर चालणे, धावणे, सायकल. यंत्रात वजन आणि वय खरे भरावे, वजन बदलले की आकडाही बदलावा. ज्या यंत्रात स्वतःची कमाल हृदयगती भरता येते, तिथे ‘220 वजा वय’ या ढोबळ नियमावर विसंबू नये. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांतही दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो.

आणखी एक वजाबाकी बहुतेक जण विसरतात. बसून राहिले तरी शरीर दर किलोमागे तासाला साधारण एक कॅलरी खर्च करतेच. वर दिलेल्या उदाहरणातल्या 350 मधून अर्ध्या तासाच्या 35 वजा केल्या, की व्यायामाचा निव्वळ खर्च 315 उरतो. दिवसाच्या आहाराच्या हिशेबात मूळचा खर्च आधीच धरलेला असतो, म्हणून 350 लिहिल्यास त्या 35 दोनदा मोजल्या जातात.

वजन कमी करू पाहणाऱ्यांनी यंत्रावर दिसणारा आकडा जसाच्या तसा खाण्यात भरून काढू नये. महिनाभर आहाराची नोंद ठेवावी, वजन दर आठवड्याला एकाच वेळी पाहावे. वजन अपेक्षेप्रमाणे उतरत नसेल, तर वजनकाट्यावर विश्वास ठेवावा आणि यंत्राचा आकडा त्या प्रमाणात कमी धरावा.