जेलवरचा पट्टा काय सांगतो?

2009च्या खरिपात विदर्भातल्या कापूस उत्पादकांसाठी एक महत्त्वाचं बियाणं शेतात उतरलं. ‘बिकानेरी नरमा बीटी’ हे त्याचं नाव. नागपुरात वर्धा रोडवरची आपली केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचं कृषी विज्ञान विद्यापीठ या सार्वजनिक संस्थांचं हे काम, आणि जनुकाची रचना दिल्लीच्या सरकारी संशोधन केंद्राची. 2002पासून बाजारात आलेली खासगी बीटी बियाणी संकरित होती, दरवर्षी पाकीट विकत घ्यावं लागे. हे मात्र सरळ वाण होतं, घरचं बी राखून पुढच्या वर्षी पेरता येणारं. एकाच हंगामानंतर ते मागे घ्यावं लागलं. त्यात मोन्सॅन्टो कंपनीच्या ‘मॉन 531’ या जनुकीय इव्हेंटचा अंश सापडला होता. पुढे सुधीर सोपोरी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि डिसेंबर 2012मध्ये तिचा अहवाल आला. स्वदेशी म्हणून गाजलेल्या दाव्याची पुरती शोभा झाली, आणि त्याची किंमत घरच्या बियाण्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याने मोजली.

या प्रकरणात कुणी चित्रात फेरफार केला, असं मला अजिबात म्हणायचं नाही. तरी वैज्ञानिक चित्रांच्या सचोटीबद्दल लिहिताना मी इथूनच सुरुवात करतो, कारण रोपात जनुक आहे की नाही हे जगाला दाखवायचं नेहमीचं साधन म्हणजे एक छायाचित्र. पानाचा तुकडा कुटून डीएनए काढतात, पीसीआर यंत्रात हवा तो भाग वाढवतात, अगरोजच्या जेलमध्ये भरून वीजप्रवाह सोडतात. मग अतिनील प्रकाशात काळ्या पार्श्वभूमीवर चमकणारे आडवे पट्टे दिसतात. जिथे पट्टा तिथे तुकडा. पण ‘क्राय1एसी’ या बीटी जनुकाचा पट्टा उमटला म्हणजे ते जनुक रोपात आहे एवढंच कळतं. ते कोणत्या प्रयोगशाळेतून आलं हे तो पट्टा सांगत नाही. त्यासाठी घातलेलं जनुक आणि कापसाचा मूळ डीएनए जिथे जोडले गेले, त्या सांध्याची वेगळी चाचणी लागते. पूर्ण खरं असलेलं चित्रही असं अर्धंच बोलतं. मग त्याच चित्राला हात लावला तर काय होत असेल?

हात लावण्याचे प्रकार ठरलेले आहेत. प्रथिनांच्या अभ्यासात ‘वेस्टर्न ब्लॉट’ नावाची चाचणी असते, तिच्यातही असेच पट्टे असतात. एका प्रयोगातले पट्टे दुसऱ्या प्रयोगाच्या नावाने लावणं, तेच चित्र उलटं करून किंवा फिरवून पुन्हा वापरणं, नको असलेला पट्टा पुसणं, दोन वेगळ्या जेलमधल्या रांगा शेजारी चिकटवून एकच जेल असल्याचा भास करणं. जाणती नजर हे पट्ट्यांवरून नाही, पार्श्वभूमीवरून ओळखते. धुळीचा कण, बुडबुड्याची खूण, कडेचा डाग दोन स्वतंत्र प्रयोगांत तंतोतंत एकाच जागी येत नाही.

‘जर्नल ऑफ सेल बायोलॉजी’ या नियतकालिकाने 2002पासून स्वीकारलेल्या लेखांतलं प्रत्येक चित्र तपासायला सुरुवात केली. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लेखांत निदान एक आकृती नियमाबाहेर निघाली आणि नव्याने करून घ्यावी लागली. सुमारे एक टक्का लेखांत सरळ लबाडी होती. या दोन आकड्यांमधलं अंतर मला फार महत्त्वाचं वाटतं. बहुतेकांना नियमच माहीत नव्हते. संपूर्ण चित्राचा उजेड सारखा वाढवलेला चालतो, एकाच पट्ट्याचा वाढवलेला चालत नाही. रांगा जोडल्या तर मध्ये रेघ दाखवावी लागते. आपल्याकडे एखादा विद्यार्थी प्रबंधातल्या आकृत्या डीटीपी करणाऱ्याकडे देतो आणि तो भला माणूस ‘जरा साफ करून देतो’ म्हणून डाग पुसतो, तेव्हा कुणाच्याच मनात पाप नसतं. पुरावा मात्र बदललेला असतो.

2016मध्ये एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी 40 नियतकालिकांतले 20,621 लेख डोळ्यांनी तपासले. 3.8 टक्के लेखांत संशयास्पद पुनरावृत्ती सापडली, त्यांतल्या निम्म्या तरी मुद्दाम केलेल्या वाटत होत्या. चीन आणि भारत यांचा वाटा अपेक्षेपेक्षा जास्त निघाला. हे वाचून राग येण्यापेक्षा काळजी वाटायला हवी.

महाराष्ट्रातलं सर्वांत गाजलेलं प्रकरण पुण्याचं. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या एका गटाचा 2005चा लेख ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’त आला होता. त्यातले ब्लॉट त्याच गटाच्या आधीच्या लेखातलेच आहेत, फक्त नावं बदलली आहेत, अशी तक्रार 2006मध्ये झाली. नियतकालिकाने 2007मध्ये लेख मागे घेतला. इकडे भारतीय विज्ञान संस्थेचे माजी संचालक जी. पद्मनाभन यांच्या समितीने गटाला निर्दोष ठरवलं. 2010मध्ये भारतीय विज्ञान अकादमीने गटप्रमुखांना तीन वर्षांसाठी आपल्या कामकाजातून दूर ठेवलं. चित्रं तीच, तज्ज्ञही नावाजलेले, आणि निष्कर्ष एकमेकांच्या विरुद्ध. ज्या वाचकाला स्वतः पारखायचं होतं त्याच्या हातात छापलेली, कातरलेली आकृती तेवढी होती. कातरण्याआधीची फिल्म लेखाबरोबरच जोडलेली असती, तर निवाड्यासाठी समित्यांच्या शब्दावर विसंबावं लागलं नसतं.

त्याच्या तुलनेत बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातला ‘नेचर केमिकल बायॉलॉजी’तला लेख ऑक्टोबर 2020मध्ये आला आणि 2021च्या मध्यात मागे घेतला गेला. वर्ष उलटायच्या आत! वाचकांनी चित्रांवर बोट ठेवलं, संस्थेने चौकशी केली. मागे घेतलेला लेख नाहीसा होत नाही. सात-बाऱ्यावर कमी झालेल्या नावाला कंस पडतो, तसा तो शिक्क्यासकट वाचायला उपलब्ध राहतो, आणि तसाच राहायला हवा.

जीवाश्मांची गोष्ट जुनी आहे, पण विसरण्यासारखी नाही. पंजाब विद्यापीठातले व्ही. जे. गुप्ता यांनी हिमालयातले म्हणून वर्षानुवर्षं छापलेले जीवाश्म प्रत्यक्षात मोरोक्को, न्यूयॉर्क अशा ठिकाणचे होते, असं ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलंट यांनी 1989मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. एकाच नमुन्याची छायाचित्रं वेगवेगळ्या ठिकाणांच्या नावाने आली होती. संगणकावर चित्रं बदलण्याची सोय हाती येण्याच्या आधीची ही गोष्ट आहे. चित्राखालची ओळ खोटी असली की काम भागत होतं.

मेडिकल कॉलेजांच्या या शहरात आणखी एक बाजू सांगायलाच हवी. रुग्णाच्या डोळ्यांवर काळी पट्टी मारली की ओळख लपली, हा समज आता वैद्यकीय संपादक मानत नाहीत. ओळख पटण्याची शक्यता असेल तर लेखी संमती हवी, आणि ती देणाऱ्याला आपलं चित्र कुठे, कुणासमोर जाणार हे समजलेलं हवं. बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत तासन् तास उभ्या असलेल्या बाईकडून अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे.

आपल्या नियमांची नजर अजून शब्दांवरच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018चे विनियम साम्याचे टप्पे ठरवतात: 10 टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, पुढे 40 आणि 60 टक्क्यांवर शिक्षा वाढत जाते. संगणकाने काढलेला तो आकडा प्रबंधाला जोडला की सगळे निश्चिंत. उचललेला परिच्छेद सापडतो. उलटा करून पुन्हा छापलेला ब्लॉट त्या आकड्यात कुठेच येत नाही. आणि फेब्रुवारी 2024मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेलं, अर्थहीन अक्षरांची लेबलं लावलेलं उंदराचं चित्र एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात तज्ज्ञांची तपासणी पार करून छापून आलं. ते मागे घेतलं गेलं, कारण ते उघडच विचित्र होतं. उद्याचं चित्र इतकं विचित्र नसेल, आणि त्यामागे मूळ प्रयोगच नसेल.

म्हणून माझा आग्रह मूळ फाइलचा आहे. यंत्रातून निघालेली, तारीख असलेली, न कातरलेली प्रत विभागाकडे राहावी. विद्यार्थी पदवी घेऊन गेला की त्याच्या पेन ड्राइव्हबरोबर निघून जाऊ नये. अनेक चांगली नियतकालिकं आता अख्खे ब्लॉट मागतात. आपल्या विद्यापीठांनी पीएच.डी.च्या मौखिकीत साम्याच्या प्रमाणपत्रासोबत परीक्षकाने निवडलेल्या एका आकृतीची मूळ फाइल तिथल्या तिथे उघडून दाखवायला सांगावं. त्यासाठी नवी समिती लागत नाही, निधी लागत नाही, आणि या हिवाळी सत्रापासून ते सुरू करता येईल.