मळ्यातले ऊन आणि शहरातली टोपली

उन्हाळी भाजीचा तोडा हे पहाटेचे काम. मे महिन्यात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास दिवस उगवतो आणि नऊ वाजेपर्यंत ऊन चटके देऊ लागते. भेंडी, गवार, काकडी, पालक, सांभार यांना ऊन लागले की ती मान टाकतात. म्हणून मळ्यातली माणसे अंधारातच घर सोडतात. भाजीची ही काळजी सर्वांना ठाऊक आहे. भाजी तोडणाऱ्याच्या शरीराची काळजी मात्र तितक्या हिशेबाने कोणी घेत नाही.

अलीकडे भाजीविक्रीची एक वेगळी पद्धत रुजू लागली आहे. शहरातील काही कुटुंबे हंगामाच्या आरंभीच शेतकऱ्याला पैसे देतात आणि दर आठवड्याला मळ्यात जे पिकेल त्यातला आपला वाटा टोपलीने घेतात. जपानमध्ये १९७० च्या दशकात ही चाल ‘तेइकेई’ या नावाने वाढली. मुंबईत ‘हरी भरी टोकरी’ हा उपक्रम याच वळणाचा. अकोल्याजवळच्या अशाच एका दोन एकरांच्या मळ्यातली माणसे माझ्याकडे औषधाला येतात. गावाचे नाव मुद्दामच देत नाही. या व्यवस्थेत भाव पडला किंवा गारपीट झाली तर नुकसान सगळे मिळून सोसतात, ही गोष्ट मला फार आवडते. उन्हाची जोखीम मात्र अजून एकट्या मळेवाल्यांच्याच वाट्याला आहे.

गेल्या उन्हाळ्यात त्या मळ्यातील चाळिशीच्या एका बाईंना दुपारी एकच्या सुमारास दवाखान्यात आणले. चक्कर, दोन उलट्या, पोटऱ्यांत गोळे, ताप १०२. शुद्ध पूर्ण होती, म्हणून निभावले. सलाईन लावले, अंगावर ओली चादर टाकली, कूलरसमोर झोपवले. संध्याकाळी त्या चालत घरी गेल्या. पहाटे पाचच्या चहानंतर त्यांनी पाण्याचा एक घोटही घेतला नव्हता. का, म्हणून विचारले तर मान खाली घालून म्हणाल्या, “डाक्टरसाहेब, पानी पेलं तं मंग जाचं कुठी?”

वाचकहो, हे उत्तर मी पंचवीस वर्षे ऐकत आलो आहे. उघड्या रानात आडोसा नाही, म्हणून बाया पाणीच पीत नाहीत. मग लघवीची जळजळ, मुतखडा आणि कधी तरी अशी भोवळ. चार बांबू आणि जुन्या साडीचा आडोसा हे त्यावरचे पहिले औषध आहे. त्याला माझी चिठ्ठी लागत नाही.

दुसरी गोष्ट चौकशीनंतर कळली. तोडा साडेआठलाच आटोपला होता. पुढचे चार तास निवडणे, जुड्या बांधणे, वजन करणे, पंचवीस टोपल्या भरणे यात गेले, आणि तेही टिनाच्या शेडखाली. तापलेला टिन वरून भट्टीसारखी आग ओततो. त्यापेक्षा बांधावरचे कडुलिंबाचे झाड शतपटीने बरे.

वऱ्हाडचे ऊन फसवे आहे, कारण ते कोरडे आहे. घाम सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो, आपल्या वाळ्याच्या कूलरचे तत्त्वही तेच. पण कोरड्या हवेत घाम इतक्या लवकर उडून जातो की अंग ओलेच होत नाही. माणसाला वाटते, मला तर घामच येत नाही, पाणी कशाला? प्रत्यक्षात श्रमाच्या कामात तासाला लिटरभर पाणी सहज जाते. उलट दमट हवेत घाम सुकतच नाही, त्यामुळे कमी तापमानही घात करते. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघर येथे उघड्या मैदानावरील समारंभात उष्माघाताने बळी गेले, तेव्हा पारा आपल्या मे महिन्याच्या मानाने बराच खाली होता. म्हणून नुसता आकडा पाहून निर्धास्त राहू नये. ओलीत केलेल्या दाट पिकात वाकून काम करणाऱ्याभोवतीची हवाही दमटच असते.

आपल्याकडचे आकडे तर बोलूच नका. मे २०२४ मध्ये पारा ४५ च्या वर गेल्यावर अकोला जिल्ह्यात तेव्हाचे कलम १४४ लावावे लागले. कामाच्या ठिकाणी पाणी आणि सावली देण्याचे आदेश निघाले. मळ्यात असा आदेश कोण बजावणार?

पाणी तहान लागण्याची वाट न पाहता प्यावे. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला हा हिशेब शेतमजुरास पुरेसा आहे. एकदम तांब्याभर ढोसण्याने पोट तेवढे फुगते. लघवीचा रंग मोहरीच्या तेलासारखा झाला की समजावे, पाणी कमी पडते आहे. मीठ घातलेले ताक, लिंबाचे सरबत, कैरीचे पन्हे ही आपली जुनी पेये उत्तम. उलट्या-जुलाब असतील तर ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात कालवावी, अर्ध्या पेल्यात नव्हे. १९७१ च्या बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी याच मीठ-साखरेच्या पाण्याने असंख्य माणसे वाचवली. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातील वाचकांनी एक लक्षात ठेवावे. तेथील विहिरीचे पाणी आधीच खारट, त्यात आणखी मीठ टाकू नये. रानात जाताना घरूनच गोड पाण्याची कॅन ओल्या फडक्यात गुंडाळून न्यावी. खिशातल्या कांद्याबद्दल मला नेहमी विचारतात. कांदा जेवणात खावा. खिशात ठेवल्याने लू लागायची राहत नाही.

नवखा माणूस अधिक धोक्यात असतो. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. पुण्याहून सुटीत आलेला मुलगा किंवा आजारातून उठलेली बाई यांना पहिल्या दिवशी पूर्ण पाळी देऊ नये. आणि अंग दुखते म्हणून किराणा दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून रोज खाणे तर सोडाच. अंगातले पाणी आटलेले असताना या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात. निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांत मधुमेह नसलेल्या हजारो तरुण ऊसतोड कामगारांची मूत्रपिंडे निकामी झाली. रोजची उष्णता आणि रोजचे शोष पडणे हे त्याचे मोठे कारण मानले जाते. एका दिवसाच्या चक्करेला आपण घाबरतो, पण वर्षानुवर्षे होणारी ही झीज कोणाच्या ध्यानात येत नाही.

अंग भट्टीसारखे तापले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात. घाम येतो आहे म्हणून तो नव्हेच, असे समजू नये. श्रमाने झालेल्या उष्माघातात अंग घामेजलेलेही असते. १०८ ला फोन करावा, पण गाडी येईपर्यंत बसून राहू नये. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, मोटार चालू असेल तर सरळ पाण्याची धार अंगावर सोडावी आणि सुपाने, पोत्याने, मिळेल त्याने वारा घालावा. बर्फ असल्यास मान, काख, जांघ येथे ठेवावा. बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतू नये. तापाची गोळी येथे काही कामाची नाही.

आता टोपली घेणाऱ्यांकडे वळतो, कारण त्या बाईंच्या भोवळीचा एक धागा शहरात आहे. टोपली शनिवारी दुपारच्या स्वयंपाकाआधी हवी, हा आग्रह सभासदांचा. तो सुटला की सारे वेळापत्रक सैल होते. भाजी टिकायची कशी, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने १९८० च्या दशकात देऊन ठेवले आहे. विटांच्या दोन भिंती, मधल्या फटीत ओली रेती, वर गवताचे झाकण आणि सावलीसाठी छप्पर. दिवसातून दोनदा पाणी शिंपडायचे, वीज नको. आपल्या कोरड्या हवेत आतले तापमान बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी खाली राहते. पहाटे तोडलेली भाजी अशा हौदात ठेवली तर निवडणे आणि वाटप ऊन कलल्यावर करता येते.

मी हे त्या मळेवाल्याला सांगितले आणि सभासद असलेल्या दोन शिक्षकांनाही. विटांचा खर्च सभासदांनी वर्गणी काढून उचलला. एप्रिलमध्ये टोपलीची वेळ संध्याकाळी सातची झाली. एका सभासदाने कुरकुर केली, पालक कोमेजलेला येईल म्हणून. पहिल्या आठवड्यात एका जुडीची पाने खरेच लोळली होती, पाण्यात घातल्यावर ताठ झाली.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या शेतकऱ्यांनी उन्हाळा लागण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना एकदा भेटावे, मात्रा बदलावी लागते का ते विचारावे. आपल्या मनाने गोळी बंद करू नये. येताना गोळ्यांचे पाकीट आणि दिवसभरात किती पाणी पिता, याचा खरा आकडा सोबत आणावा.